बाबांनी मागितलेली गोळी

माझ्या वडिलांचं हृदय पहिल्यांदा उधळलं ते दुकानाच्या काउंटरवर, भर गिऱ्हाइकीत. अमडापूरला आमचं बी-बियाण्याचं दुकान आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं, आणि त्या वर्षी याच्या जोडीला लोकांच्या शिव्या. कपाशीत गुलाबी बोंडअळी पडली होती. बाहेरून बोंड हिरवंगार, टच्च भरलेलं. फोडलं की आत अळी आणि किडलेली सरकी. ज्या बीटी बियाण्याला बोंडअळी शिवतसुद्धा नाही म्हणून लोकांनी रांगा लावून पाकिटं नेली, त्याच बियाण्याची ही गत. आणि ती पाकिटं विकली होती बाबांनी.

नुसती विकली नव्हती. "अळीसाठी फवारा मारू नका, औषध वाया जाईन," हे त्यांनी एकेकाला स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. कंपनीच्या माणसांनी त्यांना हॉटेलात बोलावून, जेवू घालून, डोक्यावर टोपी चढवून हे पढवलं होतं. बाबांचा स्वभावच असा, की इस्त्रीच्या कपड्यातला माणूस गोड बोलला की त्यांना ते खरंच वाटायचं. पहिली काही वर्षं ते खरं निघालंही. मग एका वर्षी नाही निघालं.

त्या दिवशी एक म्हातारा शेतकरी आला आणि त्यानं ओंजळभर फोडलेली बोंडं काउंटरवर ओतली. शिवी दिली असती तर परवडलं असतं. तो एवढंच म्हणाला, "तुमीच म्हनले होते ना, नको फवारू?" बाबांनी उत्तराला तोंड उघडलं आणि त्यांचा हात छातीवर गेला. मी शेजारीच उभी होते. त्यांच्या मानेची शीर अशी थडथड उडत होती की मला ती लांबून दिसली. ओठ पांढरे पडले, कपाळावर घाम फुटला, आणि खताच्या पोत्यांच्या थप्पीला पाठ घासत ते खाली बसले. शेजारी फवारणीचे पंप दुरुस्त करणारे चाचा आहेत, ते धावत आले, त्यांनी ओला रुमाल बाबांच्या तोंडावर ठेवला. थोड्या वेळानं सगळं आपोआप थांबलं. म्हातारा अजून तिथंच उभा होता, त्याचाच चेहरा आता बाबांपेक्षा जास्त उतरला होता.

त्यानंतर हे सुरूच झालं. झटका यायचा, आम्ही गाडी करून चिखलीला पळायचो, आणि डॉक्टर छातीला वायरी लावेपर्यंत हृदय शहाण्या पोरासारखं ठिक्‌ठिक् चालायला लागायचं. कागद साफ. कोणी म्हणे गॅस आहे, कोणी म्हणे टेन्शन घेता तुम्ही. अरे, ज्याच्या दुकानासमोर लोक रोज येऊन थुंकतात तो टेन्शन घेणार नाही तर काय लाडू वाटणार? मला अस्सा संताप यायचा! माझं लग्न टिकलं नव्हतं, मी माहेरी परत आले होते. आई आधीच गेलेली. घरात आम्ही दोघंच. बाबा रात्री झोपले की मी त्यांच्या नाकापाशी हात धरून बघायची, श्वास चालू आहे का. एवढी भीती मला माझ्या स्वतःच्या आयुष्याची कधी वाटली नाही.

शेवटी औरंगाबादच्या एका हृदयाच्या डॉक्टरांनी बाबांच्या अंगावर दिवसभर बाळगायचं एक छोटं यंत्र बांधून दिलं, आणि त्यात झटक्याचा एक तुकडा सापडला. अगदी लहान तुकडा, पण सापडला. डॉक्टर म्हणाले, हृदय धडधाकट आहे, नळ्या मोकळ्या आहेत, पण खालच्या कप्प्यात एक चिमूटभर जागा अशी आहे की ती मनाला येईल तेव्हा स्वतःच ठोके पाडायला लागते. मग हृदय नुसतंच फडफडतं, रक्त पुढं जात नाही, माणूस कोसळतो. गोळीनं ते आवरतं, बरं होत नाही. "आणि एखादा झटका थांबलाच नाही तर?" मी विचारलं. त्यांनी गोळीची चिठ्ठी लिहून माझ्यापुढं सरकवली. मला कळायचं ते कळलं.

उपाय होता. जांघेतल्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत न्यायची, ती वेडी जागा शोधायची आणि तारेच्या टोकानं तेवढीच भाजून टाकायची. छाती फाडायची नाही, काही नाही. प्रश्न एवढाच होता की ती तार कोणी चालवायची. औरंगाबादचे डॉक्टर स्वतःच्या हातानं चालवत. आणि माझा भाऊ, जो पुण्यात कंपनीत आहे आणि घरीही पुण्यासारखं बोलतो, त्यानं मुंबईतला एक दवाखाना शोधून काढला, तिथं हे काम रोबोट करतो.

"माणसाचा हात थरथरतो, मशीनचा नाही," असं दादा फोनवर म्हणायचा. बाबा फोन ठेवायचे आणि मला म्हणायचे, "हातानंच करू बाई. नवीन वस्तूचं मले नको सांगू आता." मी मधल्यामध्ये. दोघंही मलाच विचारणार, आणि मला काय कळतं? मी सरकी ओळखते, खताची बनावट गोणी शिलाईवरून ओळखते. हृदयात तार कशी फिरते हे मला कोण शिकवणार!

म्हणून मी सरळ औरंगाबादच्या डॉक्टरांनाच विचारलं, की तुमचं चांगलं का रोबोटचं? मला वाटलं रागावतील. रागावले नाहीत. म्हणाले, हातानं करायची तार जरा ताठ असते. ती ढकलायची, पिळायची, वळवायची. टोक भिंतीला किती टेकलंय हे बोटांना कळतं, पडद्यावरही दिसतं. काम लवकर उरकतं. पण हृदय हलत असतं, आणि ताठ तार जास्त दाबली गेली तर भिंतीला भोक पडण्याची भीती असते. थोडी असते, पण असते. रोबोटची तार मऊ असते. पेशंटच्या दोन्ही बाजूंना दोन मोठे लोहचुंबक असतात, ते तारेचं टोक ओढून वळवतात, आणि डॉक्टर दुसऱ्या खोलीत बसून ते चुंबक फिरवतो. भोक पडायची भीती कमी, एक्स-रे कमी, अडचणीच्या कोपऱ्यातही टोक पोचतं. वेळ मात्र जास्त लागतो.

"आणि गुण कशानं येतो?" मी विचारलं.

"करणारा जाणकार असेल तर दोन्हीनं जवळपास सारखाच," ते म्हणाले. "जागा सापडली पाहिजे, हे खरं. आणि जागा सापडायला झटका यावा लागतो. आम्ही टेबलावर मुद्दाम झटका आणतो, मग तो कुठून निघतो ते शोधतो. झटका आलाच नाही तर माझा हातही बेकार आणि रोबोटही."

बाबांनी त्यांना विचारलं, "साहेब, तुमचा बाप असता तर?"

"मी हातानंच केलं असतं," डॉक्टर म्हणाले, "कारण मला तेच येतं."

बाबांना ते फार आवडलं. पण दादानं रजा टाकली होती, तारीख घेतली होती, सगळं ठरवून टाकलं होतं. पोरगा एवढं करतोय म्हटल्यावर बाबांचं काही चाललं नाही. मुंबईच्या दवाखान्यातून बजावून सांगितलं होतं, की तारखेच्या काही दिवस आधीपासून ठोक्याची गोळी बंद करायची, नाहीतर टेबलावर झटका येणार नाही. मी बाबांना ते वाचून दाखवलं. "हाव," म्हणाले. मी पुन्हा दाखवलं. "हाव ना बाई, बहिरा हाय का मी?" मलकापूरहून रेल्वेनं निघालो. रात्रभर ते खिडकीला डोकं लावून बसले होते, आणि मला वाटत होतं की गोळी बंद आहे म्हणून घाबरलेत.

दवाखाना एखाद्या मॉलसारखा चकचकीत. बाबांच्या अंगावरचं लोखंड, स्टील, सगळं काढायला लावलं, कारण आत चुंबक. मग सिस्टर कात्री घेऊन आली. जांघेतून तार घालायची, त्यामुळे कमरेचा करदोडा कापायचा होता. बाबांनी तिचं मनगटच धरलं. आमच्याकडे पुरुषाच्या कमरेचा काळा दोरा जितेपणी तोडत नाहीत; बदलायचा झाला तरी आधी नवीन बांधतात आणि मग जुना सोडतात. तोडतात तो मेल्यावर, तिरडीवर ठेवायच्या आधी. सिस्टर केरळची, तिला काय कळणार? ती हसत होती, बाबा मनगट सोडत नव्हते, दादा लाजेनं भिंतीकडं तोंड करून उभा होता. शेवटी मीच म्हटलं, "सिस्टर, पट्टीचा एक तुकडा द्या." पट्टी बाबांच्या छातीवरून फिरवून गाठ मारली. "हा घ्या नवीन करदोडा. आता तोडू द्या." त्यांनी डोळे मिटले. कात्रीचा आवाज झाला तेव्हा त्यांच्या तोंडून माझ्या आईचं नाव निघालं.

आत जे झालं ते मला बाबांनी नंतर सांगितलं. गुंगीचं औषध दिलं होतं पण जाग होती. दोन्ही बाजूंना घरातल्या कपाटांएवढे चुंबक, आणि खोलीत आपण एकटेच. डॉक्टर काचेपलीकडं बसलेला, मधूनमधून स्पीकरवरून "बाबा, ठीक आहात ना?" विचारणारा. "त्याचं तोंड दिसे," बाबा म्हणाले, "पन त्याचा आवाज दुसरीकडूनच ये. मले वाटलं, मी गेलो अन् वरून पाहून राह्यलो."

आम्ही बाहेर बसलो होतो. पुष्कळ वेळ गेला. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थकवा होता. झटका आलाच नाही. विजेचे बारीक धक्के देऊन पाहिले, औषध सोडून पाहिलं, हृदय ढिम्म. रोबोट तयार होता, तार आत पोचली होती, सगळी यंत्रं चालू होती, आणि भाजायला जागाच सापडली नाही. "गोळी बंद केली होती ना?" त्यांनी विचारलं. "हो," मी म्हटलं, आणि म्हणताम्हणता मला रात्रभर खिडकीला डोकं लावून बसलेले बाबा आठवले.

वॉर्डात बाबा उताणे पडले होते, पाय हलवायचा नाही म्हणून ताठ. मी वाकून विचारलं, "बाबा, खरं सांगा." त्यांनी छताकडं बघत सांगितलं, "घेत होतो मी. तंबाखूच्या डबीत ठेवल्या होत्या."

दादा तिथंच ओरडला. मी नाही ओरडले. एवढा प्रवास, एवढी धास्ती, तो करदोडा, आणि हे! मी फक्त म्हटलं, "काऊन बाबा? काऊन?"

बाबांनी मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाले, "बाई, मी लोकाईले सांगतलं, नका फवारू. कंपनीनं मले सांगतलं, मी त्याईले सांगतलं. ज्याईनं ऐकलं त्याईची पराटी बसली, बोंडात कापूस म्हनून नाही. ज्याईनं माझं ऐकलं नाही, चुपचाप फवारलं, त्याईच्या हाती काहीतरी आलं. आता मले कोनी म्हनते का औषध बंद कर, काही होत नाही, तं मी कसा बंद करू? मले माहीत हाय असं सांगनारा मानूस कसा असते. मीच तो हाय."

दादा म्हणाला, "काहीतरी बोलू नका, कपाशी आणि हृदय एक आहे का?" माझा सगळा राग तसाच होता, पण तो आता कुठं ठेवावा हे समजत नव्हतं. मी त्यांच्या उशाशी बसून मुकाट रडले.

रोबोटच्या दवाखान्यात पुढची तारीख लवकर मिळेना. दादाला पुन्हा रजा मिळेना. घरी परतल्यावर बाबांचे झटके वाढले, गोळी घेऊनही वाढले. एकदा दुकानामागच्या अंगणात पडले, भुवई फुटली. एकदा अंघोळ करताना पडले. दार आतून लावलेलं, चाचांनी खांद्यानं धडक देऊन ते उचकटलं. मी दुकान बघायची का त्यांना? गल्ल्यावर बसून माझा एक कान सदानकदा आतल्या खोलीकडं. पाणी सांडल्याचा आवाज आला तरी मी धावायची. देवाला नवस केले, हिवरा आश्रमापर्यंत जाऊन आले, आणि परत येताना बसमध्ये स्वतःवरच हसले, की नवसानं तार वळणार आहे का? पण दुसरं करायला होतं काय? मला वाटायचं, आता हे माझ्या डोळ्यांदेखत जाणार, आणि मी हातात बियाण्याचं पाकीट धरून नुसती उभी असणार.

मग मीच औरंगाबादच्या डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, हातानं करा, पण लवकर करा. त्यांनी तारीख दिली. बाबांना काही दिवस आधीच दवाखान्यात आणून ठेवा म्हणाले, गोळी बंद असताना घरी नको. बाबा ऐकेनात, पेरणी तोंडावर आली होती, गिऱ्हाईक परत यायला लागलं होतं, मी तिथं पडून काय करू म्हणाले. शेवटी डॉक्टरांनी नाइलाजानं मला समजावलं, की झटका आला तर जवळचा दवाखाना गाठायचा, आधी छातीला वायरी लावून कागद काढायचा, पूर्ण कागद. तो कागद मिळाला तर जागा कुठं आहे हे निम्मं तिथंच कळेल. आणि अगदीच कुठं पोचता आलं नाही तर गोळी द्या, जीव आधी. ‘अगदीच’ म्हणजे किती, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

या वेळी बाबांनी आपणहून गोळ्यांचं पाकीट माझ्या हातात ठेवलं. तंबाखूची डबीही उघडून दाखवली, रिकामी. "तुझ्यापाशी ठेव," म्हणाले. "तू देशीन तवाच घेईन. तुह्यावर सोडलं." दुकानात त्या दिवसांत कोणीही काहीही विचारलं तरी ते माझ्याकडं बोट दाखवायचे. त्यांनी खरंच गोळी घेतली नाही. मी बघत होते ना, घारीसारखी बघत होते.

दवाखान्यात दाखल व्हायच्या दिवशी आम्ही चिखलीहून एसटीत बसलो. बाबांना खिडकी दिली. देऊळगाव राजा यायला अजून बराच अवकाश होता, दोन्हीकडं रिकामी रानं, नांगरून ठेवलेली, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. मी मान बघितली. शीर उडत होती.

"आला," ते म्हणाले.

मी कंडक्टरला ओरडून सांगितलं, गाडी थांबवू नका, सरळ देऊळगावला दवाखान्यात घ्या. बसमधले सगळे उठून उभे राहिले. कोणी पाणी पुढं केलं, कोणी चप्पल हुंगवा म्हणालं. बाबांचा रंग बघताबघता मातीसारखा झाला. मी डॉक्टरांना फोन लावला, रेंज नव्हती. पुन्हा लावला, नव्हती.

"दे वं बाई," बाबा म्हणाले. "एक गोळी दे."

पाकीट माझ्या पर्समध्ये होतं. पर्स माझ्या मांडीवर होती. मी चेन उघडलीही. आणि माझा हात आतच राहिला. गोळी दिली तर झटका थांबेल, थांबला तर कागदावर काहीच येणार नाही, तारीख जाईल, पुन्हा टेबलावर हृदय ढिम्म राहील, आणि मग पुन्हा ते अंगण, पुन्हा ती न्हाणी, पुन्हा कधीतरी एक झटका जो थांबणारच नाही. हे सगळं माझ्या डोक्यातून एका दमात गेलं. मी चेन लावून टाकली.

"बाबा, देऊळगाव आलंच. थोडं धरा."

"बाई, दे ना."

शेजारच्या बाकावरची एक बाई माझ्यावर खेकसली, "अवो ताई, औषध हाय तं देत काऊन नाही? बाप हाय ना तुमचा?" मागचा एक जण म्हणाला, "पोरगी येडी झाली काय?" मी त्यांच्यावर ओरडले, काय ओरडले ते आता आठवत नाही. बाबांनी माझ्या पर्सला हात घातला. त्यांच्या हातात जोर नव्हता. मी त्यांची बोटं धरली आणि पर्सवरून काढली. एकेक करून काढली. ते माझ्याकडं बघत होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता, पण काय म्हणतायत ते मला कळत होतं. मग त्यांचे डोळे फिरले आणि मान माझ्या खांद्यावर पडली.

बस दवाखान्याच्या आवारात आत नेली ड्रायव्हरनं. चार माणसांनी उचललं. मी तिथल्या डॉक्टरच्या अंगावर ओरडत होते, "आधी कागद काढा, आधी कागद!" त्या तरुण डॉक्टरला वाटलं असेल ही बाई भ्रमिष्ट आहे. पण त्यानं वायरी लावल्या. यंत्रातून कागद निघायला लागला, लांबच्या लांब, डोंगरासारख्या रेघा एकीला एक लागून. मी तो कागद बघितला आणि खरं सांगते, मला आनंद झाला. बाप समोर मरायला टेकलाय आणि मला आनंद झाला, सापडला म्हणून. मग त्यांनी बाबांच्या छातीवर दोन चपट्या तबकड्या ठेवल्या आणि शॉक दिला. गुंगी पुरती चढली नव्हती. बाबा टेबलावरून उसळले आणि जे ओरडले ते मी कधी ऐकलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा नाही.

ठोके ताळ्यावर आले. अँब्युलन्सनं आम्ही औरंगाबादला गेलो, कागद मी छातीशी धरून. डॉक्टरांनी तो टेबलावर पसरला, बोट फिरवलं, आणि म्हणाले, "आता कुठं बघायचं ते कळलं." दुसऱ्या दिवशी त्यांनी बाबांना आत घेतलं. तिथं काचेपलीकडं कोणी नव्हतं. डॉक्टर अंगावर शिशाचा जड झगा घालून बाबांच्या शेजारी उभे, बाबांना त्यांचा श्वास ऐकू येत होता. झटका पहिल्याच प्रयत्नात आला. हातानं तार वळवत त्यांनी जागा शोधली, भाजली, आणि मग कितीही डिवचलं तरी हृदय उधळलं नाही. डॉक्टर बाहेर आले तेव्हा कंबर धरून चालत होते. दादा पुण्याहून येऊन पोचला होता. त्यानं विचारलं, "रोबोटनं झालं असतं का?"

"झालं असतं," डॉक्टर म्हणाले. "ती जागा जरा आडबाजूला होती. रोबोटला कदाचित सोपं गेलं असतं. पण हा कागद नसता आणि गोळी पोटात असती, तर दोघांनाही नसतं जमलं." आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "तुम्ही गोळी दिली नाहीत, मोठं धाडस केलंत."

बाबा स्ट्रेचरवर होते. जागे होते. त्यांनी तोंड दुसरीकडं फिरवलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. झटका पुन्हा आला नाही, एकदाही नाही. बाबा दुकानात बसतात, चालत बाजार करून येतात. गावात सगळे म्हणतात पोरीनं बाप वाचवला, चाचा तर येईल त्याला सांगतात. बाबाही म्हणतात, "हाव, तिनंच वाचवलं." माझ्याशी नीट बोलतात, जेवलीस का विचारतात, माझ्या दुखण्याखुपण्याला अस्वस्थ होतात. पण माझ्याकडं काही मागत नाहीत. आधी बसल्या जागेवरून "दे वं बाई" चालायचं, पाणी दे, चष्मा दे, किल्ली दे. आता पाणी हवं असलं की गुडघ्यावर हात ठेवून उठतात आणि स्वतः घेतात. ताप आला तर गोळी चाचांकडून मागवतात. मी समोर उभी असले तरी.

मी पुष्कळ दिवस सोसलं. मग एका दुपारी ते उठायला लागले, पाय वळला, तोल गेला, आणि मी पेला घेऊन धावले तर म्हणाले, "राहू दे, मी घेतो." माझा बांधच फुटला. मी म्हटलं, "किती दिवस हे करणार बाबा? मी काय वाईट केलं? जिते आहात ना तुम्ही? तो कागद नसता मिळाला तर कधीच गेले असता! आणि ऐकून ठेवा, पुन्हा तशीच वेळ आली ना, तर मी पुन्हा नाही देणार गोळी. नाहीच देणार."

ते माझ्याकडं बघत राहिले. राग नव्हता. रागावले असते तर मी त्यांच्या पाया पडले असते, भांडले असते, काहीतरी केलं असतं.

"माहीत हाय मले," ते म्हणाले. "म्हनूनच मांगत नाही."